भैय्यालालच्या नावाची धार

“वयनी, दादाची ते आखरी बाटली अजून हाय ना जी घरात?”

घनश्यामने हे विचारलं तेव्हा चहाचा कप त्याच्या ओठाशी होता आणि नजर माझ्या डोक्यावरून मागच्या कपाटाकडे. हा माझा धाकटा दीर. करडीच्या रस्त्यावरची राईस मिल त्याची. माझा नवरा गेल्यापासून त्याने या घराची पायरी चढली नव्हती, आणि आज पेढ्यांचा डबा घेऊन आला होता. मी मनात म्हटलं, मंदा, आता घाई करू नकोस.

“हाय ना. कायले पायजे, भाऊजी?”

“नागपूरचे ते सचिनबाबू, बिल्डर. त्याईच्या घरी शौकीन लोकं जमते. वास घेते, चव घेते. ते म्हणे, बंद पडलेल्या भट्टीची एक तरी बाटली जवळ पायजे, तेव्हा माणूस खरा शौकीन. मी म्हटलं, आमच्या घरी हाय. आता शब्द देऊन बसलो.”

आमच्या घरी, म्हणे. मला हसू आलं, पण ते मी पदराने पुसून टाकलं.

माझा नवरा, म्हणजे आमच्या लेकीचे, खुशबूचे बाबा भैय्यालाल, परदेशी प्रवासी जहाजावर, बारमध्ये स्टुअर्ड होते. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने इथे करडीत. स्कॉटलंडच्या बंदराला जहाज लागलं की बाकीची पोरं सेंट आणि स्वेटर घ्यायची, हे गल्लीबोळातली जुनी दुकानं धुंडाळायचे. व्हिस्की गाळणारी जी भट्टी कायमची बंद झाली, जिचे पत्रे भंगारात गेले, तिची एखादी धूळ खाल्लेली बाटली शोधायची आणि घरी आणायची, हा त्यांचा नाद. त्या काळी अशा बाटल्यांना कुणी विचारत नव्हतं. मी चिडायचे. मला वाटायचं, जहाजावरून परतलेल्या माणसाने बायकोसाठी काहीतरी चकचकीत आणावं. हे मला सांगायचे, “मंदा, पिंपात असते तोवर तिचं वय वाढते. बाटलीत आली का ते फक्त थांबून राह्यते. अन् भट्टीच बंद, म्हणजे आता जेवढी बाटलीत तेवढीच दुनियेत.”

नोकरी संपवून ते गावी आले तेव्हा अशा पाच-सहा बाटल्या होत्या. रविवारी जेवण झालं की समोरच्या पडवीत बसायचे, भरदुपारी, सगळ्यांच्या देखत. पोट फुगीर आणि तोंड निमुळतं असा एक इवलासा ग्लास होता. त्यात खोकल्याच्या औषधाइतकी व्हिस्की, वर पाण्याचे दोन थेंब. मग नुसतं हुंगत बसायचं. शाळकरी खुशबू जवळ असली की तीही ग्लासात नाक घालायची. हे तिला विचारायचे, “सांग, काय आलं?” ती म्हणायची, “धुपट,” म्हणजे धूर. हे म्हणायचे, “अजून थांब. धुपटाच्या मागून ओलं गोणपाट येते. अन् सगळ्यात शेवटी मोहफूल, उन्हात वाळू घातलेलं.” असा अर्धा तास गेला की तो एक घोट तोंडात जायचा. दुसरा मी कधी पाहिला नाही.

पण दारू ती दारू. चोरून पिणारे निम्मं गाव, ते शहाणे. आणि उघड्या पडवीत चमचाभर हुंगणारा माझा नवरा बेवडा. हे नाव घनश्यामने पाडलं. मिलच्या काट्यावर धान मोजायला लोक आले की त्यांना चहा पाजायचा आणि भावाच्या नकला करून दाखवायच्या, नाकाला ग्लास लावून डोळे मिटायचे, झोकांड्या खायच्या. लोक हसायचे. हेही हसायचे. म्हणायचे, “जाऊ दे ना, लहान हाय तो.” मला ते हसू आजही सहन होत नाही.

मग तो दिवस आला. वैशाखातली सकाळ होती. हे पाणी बघायला बोडीवर गेले होते. बोडी म्हणजे आमच्या धानाच्या बांध्यांना पाणी देणारं छोटं तळं. तिच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तिथेच आडवे झाले. वाट रहदारीची. शेतावर जाणारे आले, मिलवर जाणारे आले, बघून पुढे गेले. घनश्यामची जीप आली. त्याने काच खाली केली, बघितलं आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, “पडू द्या. उतरली का तो येईन घरी.” आणि काच वर केली.

मी अंगणवाडी सेविका. पोरांना खिचडी वाढून, भांडी आवरून दुपारी घरी आले, तेव्हा कुणीतरी सहज सांगितलं की तुमचा माणूस पाळीवर पडला आहे. मी धावत गेले. ऊन सरळ तोंडावर होतं. ओठाच्या कडेने लाळ गळत होती आणि एक डोळा माझ्याकडे बघत होता. मी तोंडाशी नाक नेलं. सकाळच्या पेजेचा आणि दंतमंजनाचा वास आला. दुसरा कसलाही नाही.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “हे कधी झालं?” मी सांगितलं. त्यांनी फक्त मान खाली घातली. चार दिवस हे जगले, पण एक शब्द बोलू शकले नाहीत. आणि सरणापाशी सगळ्यांत मोठ्याने रडला तो घनश्याम. “दारूनं खाल्लं माह्या भावाले,” असं म्हणून ऊर बडवला त्याने. गावाने तेच खरं धरलं. गावाच्याही ते सोयीचं होतं, कारण बाजूने तर सगळेच गेले होते.

मला त्या माणसाच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं, चार लोकांत, मोठ्याने. तो त्या दिवशी पिऊन नव्हता. एवढंच. ते मिळेपर्यंत मी मरणार नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

आणि आता तो माणूस माझ्या घरात बसून माझ्या नवऱ्याची बाटली मागत होता, शौकीन म्हणवून घ्यायला.

“न्या ना,” मी म्हणाले. “मले काय करायची हाय ते? पण पितर सुरू हायेत. परवा त्याईची तिथ. पह्यली धार त्याईच्या नावानं सोडा, मंग न्या.”

“हव, हव. एक कायले, दोन सोडतो.”

“अन् पाळीवर सोडा. जीव तेथीच अडकला होता.”

तो जरा थबकला. मी पेढा उचलून तोंडात टाकला आणि म्हटलं, “सचिनबाबूलेही आना. त्याईलेही आपली रीत पाहाले भेटन.” हे त्याला आवडलं. नागपूरच्या पाहुण्यांपुढे भावाचं श्राद्ध करणारा भाऊ म्हणून उभं राहायचं, फोटो निघायचे, मग बाटली काखोटीला मारून बंगल्यावर जायचं. त्याला यात कुठे खड्डा दिसला नाही.

खड्डा रीतीतच होता. आमच्या घराण्यात पितरांची धार एकदा सुरू झाली की ती मध्ये तोडायची नसते. घरची बाई “पावली” म्हणते तेव्हाच हात थांबतो. तुटलेली धार मेलेल्याला लागत नाही, तो तहानलेलाच परत जातो. एरवी ती पाण्याची धार असते आणि बाया दोन-चार थेंब पडले की “पावली” म्हणून मोकळ्या होतात. त्यामुळे पुरुषांना ही रीत म्हणजे नुसता उपचार वाटतो. घनश्यामला तर ती आठवतही नसावी.

त्याच संध्याकाळी मी ताराआत्यांकडे गेले. ह्या यांच्या सख्ख्या आत्या, घराण्यातलं सगळ्यांत जुनं माणूस. कमरेत वाकलेल्या, पण जीभ ताठ. मी त्यांना परवा पाळीवर यायला सांगितलं.

“धार कायची हाय?” त्यांनी विचारलं.

“त्याईच्या आवडीची.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “येतो. सामोर बसाले पाट आनजो माह्यासाठी.”

मधला दिवस मी चाखला तो यांनी रविवारची व्हिस्की चाखावी तसा, घाई न करता. भाजी चिरताना, पोरांची वजनं करताना, प्रत्येक वेळी वेगळी चव. खोटं कशाला बोलू, मला फार सुख झालं.

तिथीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पाळ माणसांनी भरली. नागपूरची मोठी गाडी आल्याचं कळल्यावर गाव थोडंच घरी बसणार? खाली बांध्यांमध्ये धान पोटरीवर आलं होतं. सचिनबाबू पांढऱ्या बुटांत चिखल चुकवत आले. सोबत त्यांचे दोन मित्र, आणि पेटीत मखमलीवर ठेवलेले तसलेच निमुळत्या तोंडाचे ग्लास. बाटली माझ्या हातातून घेताना सचिनबाबूंनी दोन्ही हात पुढे केले. लेबल वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

जुनं बूच काढताना मोडलं. त्यांनी कौशल्याने तुकडा बाहेर ओढला आणि बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन डोळे मिटले. “घनश्यामजी,” ते हळूच म्हणाले, “ऐसी चीज अब नहीं बनेगी.”

घनश्यामची छाती फुगली. त्याने बाटली घेतली, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि हे पडले होते त्या जागी धार धरली. अगदी बारीक, सुताएवढी.

थोडी पडल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघत होते.

“वयनी, पावली?”

 तो बाटली सरळ करायला लागला, तशा पाटावरून ताराआत्या ओरडल्या, “धार तोडू नोको, घनश्या. तुटली धार मेल्याले लागत नाही. मंदानं पावली म्हटल्याबिगर हात सरकवू नोको.”

“आत्या, पानी नोहे ना ते...”

“तुह्या भावाची हाय. तुह्या बापाची नोहे.”

कुणीतरी फिसकन हसलं. सचिनबाबू म्हणाले, “अरे भाई, हो गया ना,” पण गावात अशा वेळी बाहेरच्याचं कोण ऐकतं?  धार पडत राहिली आणि माती ती पीत राहिली. वास वर आला. आधी धूर.

“भाऊजी,” मी विचारलं, “त्या दिवशी ते पिऊन होते का?”

 “आता हे काहून काढता, वयनी?”

“तुमी जीप थांबवली होती. काच खाली केली होती. खाली उतरले होते का?”

“घाईत होतो मी.”

“उतरले होते का?”

“नाही.”

“तोंडाचा वास घेतला होता का?”

बाटली अर्धी झाली होती. सचिनबाबू एकदा बाटलीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. घनश्यामच्या कपाळावरचा घाम भुवईवर आला, पण दोन्ही हात बाटलीला असल्याने त्याला तो पुसता येईना.

“नाही घेतला.”

“मंग पिऊन पडला, हे कसं समजलं?”

त्याने लोकांकडे बघितलं. त्याच्या मिलवर चहा पिऊन हसलेले सगळे तिथे होते. एकही त्याच्या मदतीला आला नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते, कारण माझा प्रश्न त्यांनाही लागू होता.

“नोता,” घनश्याम म्हणाला.

“मोठ्यानं बोला.”

“पिऊन नोता दादा. मी पाह्यलंच नाही त्याले. तसाच बोलून गेलो.” त्याचा आवाज फाटला. “आता तरी पावली म्हना ना, वयनी.”

मला हवं होतं ते मिळालं होतं. बाटलीत अजून पाव हिस्सा असेल. एक शब्द उच्चारला असता तर तो वाचला असता, पण वैशाखातलं ते ऊन माझ्या डोळ्यांपुढून हलेना. यांचा तो एक डोळा किती वेळ वाटेकडे बघत होता, कितीजणांचे पाय त्याने मोजले असतील. मी तोंड मिटून उभी राहिले. धार थेंबांवर आली. थेंबही थांबले.

“पावली,” मी म्हणाले.

सचिनबाबूंनी ग्लासांची पेटी बंद केली आणि घनश्यामचा निरोपही न घेता गाडीकडे गेले. घनश्याम रिकामी बाटली हातात धरून उभा होता. ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

“न्या,” मी म्हटलं. “कपाटात लावा. शौकीन म्हनन कोनी.”

घरी येऊन मी पितरांचं जेवण वाढलं आणि पोटभर जेवले. वडे, खीर, कढी, सगळं दोनदा घेतलं. इतकी भूक मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. मग खुशबूला फोन लावला. ती नागपूरच्या दवाखान्यात नर्स आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, घनश्यामचा आवाज काढून दाखवला, ताराआत्यांचाही. ती ऐकत होती. “कबूल केलं त्यानं? सगळ्याईसमोर?” असं तिने दोनदा विचारलं आणि मग ती रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने रडते आहे.

“सगळी सोडली का, आई?”

“सगळी. एक थेंब नाही ठेवला त्याले.”



“माह्यासाठी चमचाभर ठेवाची होती,” खुशबू म्हणाली. “बाबा मले नुसता वासच देत. म्हनत, मोठी झाली का चव देईन.”

  तेवढ्यात तिला वॉर्डातून कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

मी मांडणीवरचा स्टीलचा छोटा डबा घेतला आणि पाळीवर गेले. वाटेवर कुणी नव्हतं. माती वरून सुकली होती. बोटांनी उकरलं तेव्हा खाली ओल लागली. नाकाशी नेली. धूर होता, अजून होता. त्यामागचं गोणपाट आणि मोहफूल मला काही ओळखता येईना, माझं नाक तेवढं शिकलेलं नाही. खुशबूचं शिकलेलं आहे. ती शनिवारी येणार होती. मी ओल लागेल तेवढी माती डब्यात भरली, झाकण बसवलं आणि दोन्ही तळहातांनी दाबून घट्ट केलं.