कंपनीचा खांदा

भैरवनाथाच्या पालखीचा पुढचा उजवा खांदा आमच्या गावात चार पिढ्या हिंदुरावाच्या घराचा होता. तो काढून घेतला पाच पंचांनी, आणि त्या पाचांत मी एक होतो. असल्या गोष्टी देवाच्या माथी मारायची आपल्याकडे सोय आहे, पण त्या बैठकीला देव आलेला नव्हता.

चैत्रातल्या यात्रेत पालखी हिंदुरावाच्या शेतातल्या वडाखाली विसावा घ्यायची. ज्याच्या शेतात विसावा त्याचा पुढचा खांदा, असा रिवाज. छप्पन साली सरकारनं कारखान्यासाठी आकुर्डीकडची जमीन घेतली, त्यात ते शेत गेलं. वडाभोवती तारेचं कुंपण पडलं आणि हिंदुराव त्याच कंपनीच्या फाटकावर खाकी घालून पहाऱ्याला उभा राहिला. पोट कुणाला सुटलंय?

यात्रेच्या आधी बैठक बसली. उद्धवराव पाटील म्हणाले, "मान शेताचा हाय, माणसाचा न्हाई. शेत कंपनीचं, तर खांदाबी कंपनीचा. सायबाला बोलवा."

खरी गोम वेगळीच होती. साहेब खूश झाला तर देवळावर पत्रे घालील, चार पोरं कामाला लावील. माझा सयाजी दोनदा मॅट्रिक नापास होऊन घरात बसला होता. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

हिंदुराव हात जोडून म्हणाला, "शेत गेलं तवा मी बोललो का? पर खांदा नगा घेऊ. देवापाशी उभं ऱ्हायला माज्याकडं तेवढंच हाय."

"आरं हिंदुराव, मान म्हंजे अहंकार," मी म्हणालो. "आळंदीचं बुवा परवाच सांगून गेलं न्हाई का? मान सोडला की देव भेटतोय."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! यात्रेतला मानाचा फेटा माझ्या घरी येतो. तो सोडायचं मला सुचलं नाही. दुसऱ्याच्या डोक्यावरचं काढून घ्यायचं असलं की अध्यात्म कसं भराभर आठवतं.

यात्रेच्या दिवशी पालखी वाजतगाजत फाटकाशी आली. साहेब मुंबईला गेलेला. हेडक्लार्क बाहेर आला नि म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, कंपनीतर्फे कुणालाही पाठवा." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. सगळे कामात. मोकळा दिसला तो फाटकावरचा माणूस.

"हिंदुराव, तू जा. फाटक मी बघतो. पालखी देवळात पोचली की परत ये. आणि टोपी काढू नकोस, कंपनीचा माणूस दिसला पाहिजे."

गर्दीत एकच कल्ला झाला. "देवानंच न्याय केला!" बायका डोळे पुसू लागल्या. मलाही वाटलं, सुटलो बाबा. पत्रे गेले तर गेले, पाप तरी फिटलं.

हिंदुरावानं बूट काढले आणि दांड्याला खांदा दिला. वडाखाली विसावा झाला. गाऱ्हाणं घालताना गुरवानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "मानकऱ्याचं नाव?" हिंदुराव आपल्या बापाचं नाव सांगणार म्हणून आम्ही कान देऊन होतो.

"कंपनीचं घ्या," हिंदुराव म्हणाला. गुरव जरा अडखळला, पण त्यानं ते घेतलं.

तिथून पालखी गावात शिरली. पालखी दाराशी आली की घरच्या बाईनं खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं आणि मग ओवाळायचं. हिंदुरावाच्या दारात त्याची बायको मंजुळाबाई कळशी घेऊन उभी होती. खांदा परत मिळाल्याची बातमी आमच्या आधी तिच्यापर्यंत पोचली होती. लग्नातलं लुगडं नेसली होती. तिनं बाकीच्या तिघांच्या पायांवर पाणी घातलं आणि नवऱ्यापुढे वाकली.

"आवं, आपला मान आपल्या दारात आला," ती म्हणाली.

हिंदुरावानं पाय मागे घेतले.

"माज्या पायावर नगं घालू," तो म्हणाला. "मी ड्यूटीवर हाय."

ती वाकलेलीच राहिली. ताशेवालासुद्धा थांबला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि पंच म्हणून ते माझं काम होतं. मी भैरवनाथाच्या नावानं चांगभलं म्हणून इतक्या मोठ्यानं ओरडलो, की पालखी हलली आणि सगळे पुढे चालू लागले.