कालव्याच्या पायऱ्यांचा कठडा

मागच्या दारापासून कालव्यापर्यंत अकरा दगडी पायऱ्या होत्या. गेल्या वर्षी न्हाऊन वर येताना वेंकूबाई सहाव्या पायरीवर घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हापासून त्यांच्या लेकीला, वसुमतीला, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतानाही ती पायरी दिसे.

"घरात नळ आलाय, अम्मा."

"नळाखाली तुझ्या बाटल्या धू. मला वाहतं पाणी लागतं."

शेवटी वसुमतीनं लोखंडी कठडा करवला. आईचा हात किती उंचीवर येतो ते मोजलं, पायऱ्यांचा उतार मोजला. खांबांसाठी दगडात पाडलेली भोकं निखाऱ्यांनी पुरती सुकवल्याशिवाय तिनं गुरुमूर्ती लोहाराला शिसं ओतू दिलं नाही. ओल राहिली तर वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं.

"टीचरम्मा, इथून अम्मा उतरणार की देवळातली हत्तीण?"

"अम्माच. हलवून बघ."

कठडा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी वेंकूबाई कठडा धरून उतरल्या. वर येताना मात्र ओल्या लुगड्यानं, कळशी घेऊन, वीतभर दुरून चालल्या.

"धर ना, अम्मा."

"मी मडीत आहे, सोवळ्यात. गल्लीतली चार घरं धरतात ते. शिवलं की पुन्हा न्हाणं आलं."

लहानपणापासून रोज बघूनही वसुमतीला हे सुचलं नव्हतं.

"तू पाण्यात असताना मी धुऊन ठेवीन. धातू शुद्ध व्हायला पाणी पुरतं, तूच म्हणतेस."

"धू."

चार दिवस ते जमलं. पाचव्या दिवशी धुऊन झाल्यावर शेजारची जयलक्ष्मी भांडी घेऊन आली आणि कठडा धरत सावकाश उतरली.

"फार सोय केलीस हो, वसू."

वेंकूबाई पाण्यातून बघत होत्या. त्या पायऱ्यांच्या मधोमध चढू लागल्या. वसुमती वरून आणखी एक बादली घेऊन निघाली, पण तोवर त्या सहाव्या पायरीवर होत्या. पाय सरकला. वसुमतीनं बादली टाकून त्यांचे दोन्ही दंड धरले.

"पडले असते," वेंकूबाई म्हणाल्या.

"हो."

"सोड आता."

तिनं सोडलं. वेंकूबाईंनी कळशीतलं पाणी पायरीवर ओतून टाकलं. लेकीनं शिवल्यानं मडी मोडलीच होती, म्हणून कठडा घट्ट धरून त्या पुन्हा न्हायला खाली निघाल्या. वसुमती दोन पायऱ्या वर सरकली, त्या परत येताना आपला पदर लागू नये म्हणून.