डिकीतली वजनं आणि ब्रेकचा व्हॉल्व्ह

मित्रांनो, गाडीत बसलात की तुम्ही आधी खिडकीची जागा पकडता, मग हॉर्न वाजवायला मिळतो का ते बघता. गाडीच्या पोटाखाली कोण राबतंय, हा विचार तुमच्या मनातही येत नाही. असो. माझा राग नाही, पण एकदा सांगून टाकलेलं बरं. मी एक जुना व्हॉल्व्ह आहे, ब्रेकचा. गॅरेजमध्ये मला लोड व्हॉल्व्ह म्हणतात. मुठीएवढा माझा आकार आणि अंगावर गंजाचा रंग.

माझं काम नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी हकीकत त्यावरच उभी आहे. बसमध्ये उभं असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की तुम्ही पुढे झुकता ना? गाडीचंही तसंच होतं. ब्रेक दाबला की भार पुढे जातो आणि मागची चाकं हलकी पडतात. हलक्या चाकांना पूर्ण जोर दिला, तर ती फिरायची थांबून जागच्या जागी आवळतात, रस्त्यावर घसरतात आणि गाडी मागून फिरते. म्हणून मागच्या चाकांकडे ब्रेकच्या तेलाचा जोर किती सोडायचा, हे मी ठरवायचं. मागच्या आसापासून एक दांडी माझ्यापर्यंत आलेली असते. डिकीत सामान भरलं की गाडी मागे दबते, दांडी हलते आणि मला समजतं, आज ओझं आहे, जास्त जोर सोडायला हरकत नाही. डिकी रिकामी असली की मी हात आखडता घेतो. माझ्या पोटातली एक छोटी दट्ट्याची कांडी पुढेमागे सरकते, एवढंच.

कारखान्यात मला तेलाचा दाब देऊन तपासणाऱ्या बाई मोठ्या कडक होत्या. माझ्या आधीचा व्हॉल्व्ह त्यांनी तोंड वाकडं करून बाजूला फेकला होता. मला मात्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा कुणाचा तरी जीव वाचवील." मित्रांनो, तेवढ्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

माझी गाडी ज्यांनी घेतली, ते वजनकाटे दुरुस्त करायचे. सगळे त्यांना काटेवाले म्हणत. दुकानादुकानांत जाऊन ते काटे उघडत, साफ करत, बरोबर आहेत का ते ताडून बघत. त्यासाठी लागणारी लोखंडी वजनं खोकी भरभरून आमच्या डिकीत असायची. दुकानदारांचा त्यांच्यावर भारी विश्वास. काटेवाल्यांनी हात लावला की काटा खोटं बोलत नाही, असं म्हणायचे. पारड्याखाली अडकलेला पिठाचा कणसुद्धा ते ब्रशने काढत.

पण घरी आल्यावर डिकी उघडायचा त्यांना कंटाळा. बायको म्हणायची, "अहो, ती खोकी उतरवा की रात्रीपुरती. गाडी बिचारी दबून गेलीय."

"सकाळी परत चढवायचीच आहेत ना? राहू दे," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

झालं. वजनं वर्षानुवर्षं डिकीतच राहिली. दांडी एकाच जागी, कांडीही एकाच जागी. हलायचं कारणच उरलं नाही. वर ब्रेकचं तेल कमी झालं की ते नवं ओतायचे, पण जुनं तेल कधी पूर्ण बदललंच नाही. त्या जुन्या तेलात ओल धरली, माझा रबरी टोप फाटला, खालून चिखलपाणी आत आलं. लोकांचे काटे डोळ्यांत तेल घालून तपासणारा माणूस, पण स्वतःच्या गाडीखाली एकदाही वाकला नाही. हळूहळू मी भरल्या डिकीच्या मापातच गंजून अडकलो. कुणाला पत्ताही लागला नाही, कारण डिकी खरोखरच भरलेली होती आणि गाडी सरळ थांबत होती.

मग काटेवाले गेले. दुकानात काटा जुळवता जुळवता बसले ते उठलेच नाहीत.

गाडी मुलीकडे आली. तिने घरच्यांच्या मदतीने खोकी उतरवली आणि बाबांच्या खोलीत भिंतीशी रचून ठेवली. शेवटचं खोकं उतरल्यावर गाडीचं मागचं अंग वर उचललं गेलं. दांडीने मला केवढा हिसका दिला! मी हलावं म्हणून जिवाचं रान केलं, पण कांडी तसूभरही सरकेना.

आई तेव्हा डायलिसिसवर होती. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी तिला हॉस्पिटलला न्यावं लागे. बसने गेलं की परत येताना तिला उभंही राहवत नसे, म्हणून मुलगी ऑफिसातून सुटी काढून गाडीने न्यायची. असंच एकदा जाताना हॉस्पिटलच्या फाटकाशी वळणावर समोर एका पेशंटची चाकांची खुर्ची आली. मुलीने ब्रेक दाबला. मागची चाकं आवळली, गाडी गर्रकन फिरली आणि आईच्या बाजूचा दरवाजा दगडी खांबाच्या वीतभर अलीकडे थांबला. कुणाला काही लागलं नाही. 

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "बाबांच्या हातात ही गाडी कधी अशी वागली नाही."

गॅरेजातल्या मिस्त्रीने मागचे ब्रेक उघडले, घासलेले लायनर बदलले, टायर पाहिले. "आता नाही त्रास देणार," म्हणाला. चांगला माणूस, पण त्याचीही नजर माझ्यापर्यंत पोचली नाही. पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा फिरली.  त्यानंतरच्या खेपेला आई म्हणाली, "मी बसनेच जाते गं. तुला उगाच त्रास." ती बसने गेली आणि परत येताना थांब्यावर चक्कर येऊन पडली. अनोळखी लोकांनी घरी आणून सोडलं. मुलगी रात्रभर तिच्या उशाशी बसून होती, आणि मी अंगणात गाडीखाली गंजत होतो. कारखान्यातल्या बाईंचं ते वाक्य मला त्या रात्री फार बोचलं.

काही दिवसांनी मुलीने ठरवलं, वजनं बाबांच्या कामातल्या जुन्या जोडीदाराला देऊन टाकायची. कामाची वस्तू आहे, कामाला यावी. खोकी पुन्हा डिकीत चढली. वाटेत एक कुत्रं आडवं आलं आणि तिने जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी सरळ, जागच्या जागी थांबली! मुलगी गाडी कडेला घेऊन ढसाढसा रडली.

"बाबा, तुम्हीच होतात ना?" असं ती म्हणाली. खाली मी होतो, पण मला कोण विचारतंय!

जोडीदाराकडे न जाता ती तशीच घरी आली. म्हणाली, "आई, वजनं आता डिकीतच राहतील. बाबा आहेत त्यांत. तू चल माझ्याबरोबर, काही होणार नाही."

आई पलंगावर उठून बसली.  मग म्हणाली, "वेडी आहेस का? ते तुझ्या खांद्यावर ओझं ठेवून जाणारे नव्हते गं. काट्यात एवढासा फरक पडला तरी कारण शोधल्याशिवाय जेवायचे नाहीत. तू त्यांची लेक ना? मग शोध कारण."

मुलगी भरल्या डिकीनिशी मिस्त्रीकडे गेली. वजनं असली की गाडी सरळ थांबते, काढली की फिरते, असं तिने सांगितलं. मिस्त्रीने कपाळावर हात मारला.

"अहो ताई, हे आधी नाही का सांगायचं! मग ब्रेक दाबणाऱ्या तुमच्या पायात काही खोट नाही. खाली बघू दे."

बॅटरीचा उजेड माझ्या अंगावर पडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पाहिलं. मिस्त्रीने डिकी रिकामी करून दांडी वरखाली ढकलली, मी ढिम्म. "हा बघा, अडकून बसलाय. भरल्या गाडीच्या मापात."

मुलगी गुडघ्यांवर बसली, मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिली. "वजनं ठेवून नाही का भागणार?" तिने विचारलं. अजूनही तिचा जीव त्या खोक्यांत होता.

"आज भागेल. एक दिवस विसराल, डिकी रिकामी असेल आणि आई शेजारी बसलेल्या असतील."

ती उठली. "बदला," म्हणाली.

मला सोडवणं सोपं नव्हतं. नटांवर तेल सोडलं, वाट पाहिली, तरी एक नळी तुटलीच. ती नवी घातली. माझ्या जागी नवा, चकचकीत व्हॉल्व्ह बसला. मिस्त्रीने रिकाम्या गाडीवर त्याची दांडी जुळवली, मग नळ्यांतली हवा काढायला घेतली. मुलगी आत बसून पेडल मारायची.

"दाबा. धरून ठेवा. सोडू नका हां! आता सोडा."

जुनं काळं तेल बुडबुड्यांसकट बाहेर आलं, आणि शेवटी स्वच्छ तेलाची अखंड धार लागली. मागच्या मोकळ्या मैदानावर मिस्त्रीने पाणी मारलं आणि स्वतः जोरात ब्रेक मारून पाहिले. मग मुलीला मारायला लावले. गाडी प्रत्येक वेळी सरळ थांबली. वजनं त्याच दिवशी जोडीदाराकडे गेली.

मिस्त्री मला भंगारात टाकणार होता. मुलीने मला मागून घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि आईच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला जाताना मी आईच्या मांडीवर होतो. मित्रांनो, जन्मभर मी रस्ता खालून पाहिला होता. समोरून रस्ता कसा दिसतो, ते त्या दिवशी कळलं. फाटकाचं वळण आलं, तो खांब दिसला आणि आईची मूठ माझ्याभोवती घट्ट आवळली. मुलीने ब्रेक दाबला. रिकाम्या डिकीची गाडी सरळ, हलकेच थांबली. आईची मूठ सैल झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. कारखान्यातल्या बाईंचा शब्द माझ्या नव्या भावाने राखला.

आता मी गाडीच्या पुढच्या कप्प्यात असतो, आईच्या गोळ्यांच्या डबीशेजारी. तुमच्या घरात, गाडीत, कुठेही, जे दिसत नाही आणि तरी तुम्हाला सांभाळतं, त्याच्याकडे कधीतरी वाकून बघा रे. सरळ चाललंय म्हणून कानाडोळा करू नका.

आमची मुलगी आता बघते. निघण्याआधी आई विचारते, "खाली पाहिलंस?" मग ती गुडघे टेकून गाडीखाली डोकावते. उठली की गुडघ्यांना माती लागलेली असते. आई उघड्या दारातून वाकून ती झटकते आणि दोघी निघतात.