वर उचललेली तार

पाण्याचा जुना फिल्टर आर्विडच्या तळहातावर अजून ओला होता — वीतभर, पांढरा, कसलाही दोष नसलेला. नवा बसवून तीन तास झाले तरी फ्रीजमधल्या यंत्रातून बर्फ पडत नव्हता. फ्रीजच्या दारातून पाणी मात्र धो धो येत होतं, म्हणजे चूक फिल्टरची नव्हतीच. त्याला हे कळत होतं, आणि कळूनही त्याने तळघरात उतरून पाण्याचा कॉक पुन्हा पिळून पाहिला, फ्रीज भिंतीपासून ओढला, मागची नळी चाचपली... चार दिवस हेच. मिनेसोटातल्या त्या गावात कारागीर बोलावला म्हणून कुणी हसलं नसतं, पण त्याचं त्यालाच ते लागलं असतं.

डॉक्टरांनी उपचार थांबवल्यापासून त्याच्या बायकोच्या, व्हर्नाच्या घशाखाली बर्फाचे बारीक तुकडेच काय ते उतरत. बर्फ बंद म्हणजे — पुढचा विचार तो मनात येऊ देत नव्हता. पेट्रोलपंपावरून त्याने बर्फाची पिशवी आणली होती.

"देऊ थोडा?" परवा सकाळी त्याने विचारलं.

"नको रे. कशाला उगीच त्रास घेतोस?"

संध्याकाळी पुन्हा विचारलं.

"नको म्हटलं ना! जा, त्या फ्रीजशीच लग्न लाव आता."

त्यांच्या गावात पहिले दोन नकार कुणी मनावर घेत नाही. केकचा तुकडासुद्धा तिसऱ्या आग्रहाला उचलायचा. लग्नालाही ती तिसऱ्यांदा विचारल्यावरच हो म्हणाली होती. तेव्हा तिसऱ्यांदा विचारायचं, पण यंत्र सुरू झाल्यावर, घरचा ताजा बर्फ हातात घेऊन — असं त्याने ठरवून टाकलं होतं.

आता त्याने वरच्या कप्प्यात हात घातला. बर्फाच्या डब्यावर एक तार असते. डबा भरला की ती वर जाते आणि यंत्र थांबतं. हाताने उचलून अडकवली तरी थांबतं. माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर हे लिहिलेलं, पण पहिलं पान वाचण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. डबा रिकामा होता. तार वर होती, नीट अडकवलेली.

घरात दोघंच. बर्फ बंद पडला त्या गुरुवारी ती भिंत धरत धरत एकटी स्वयंपाकघरापर्यंत आली होती, आणि आज पाय चांगले चालतायत म्हणून त्याने तिचं कौतुक केलं होतं... मी विचारायला हवं होतं. छे, विचारलं होतं की. तिने सांगितलंही होतं, दोनदा, आणि मी ते शिष्टाचारात जमा केलं.

"आर्विड, सापडलं का रे काही?" आतून तिचा बारीक आवाज आला.

तार खाली करायला एक बोट पुरलं असतं. त्याला तिचा भयंकर राग आला, आणि पाठोपाठ रडू.

"बघतोय अजून," तो म्हणाला.

त्याने पाना ओट्यावर ठेवला. ती आत एकटी पडून होती आणि आपण हे चार दिवस तळघरात, खरं सांगायचं तर, मजेत होतो, हे त्याला आत्ता कळलं. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि रिकाम्या हातांनी तिच्याजवळ जाऊन बसायची त्याला भीती वाटत होती.