फरहाचं टुन्न

डोळे मिटा बरं. समजा, तुम्ही सावली गावच्या बाजारात बशीरभाईंच्या दुकानात बसला आहात. वर आढ्याला गाईबैलांच्या गळ्यात बांधायच्या घंटा टांगल्या आहेत. त्यातली एक वाजवा. आधी येतो टन्न. मग आवाज गोल गोल फिरतो, बारीक होत जातो आणि टुन्न करून विझतो. ऐकलात? आता डोळे उघडा, कारण गंमत पुढेच आहे.

बशीरभाईंची नात फरहा चौथीत होती. शाळा सुटली की ती दुकानात बसून घंटा वाजवायची आणि आवाजातून शब्द बनवायची. पोट भरलं की टन्न. डबा रिकामा असला की ठणठण. पेपर सोपा गेला की टनाटन. आणि घंटेचा आवाज विझतो तसं माणूस झोपलं, की टुन्न. घरात सगळ्यांना या बोलीची सवय झाली होती. आजोबाही, म्हणजे तिचे दादा, म्हणायचे, "बेटा, मी जरा टुन्न होतो."

घराबाहेर टुन्न म्हणजे दारू पिऊन झिंगलेला. फरहाला हे ठाऊक नव्हतं, आणि घरच्यांच्या ते ध्यानातच राहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तिच्या रईसचाचाचं लग्न गोंडपिपरीच्या जोयाशी ठरत आलं होतं. फक्त जोयाच्या आईचा, रहमतबींचा होकार बाकी होता. फरहाला जोया इतकी आवडली होती, की ती तिला आत्तापासूनच चाची म्हणे.

एका दुपारी रहमतबींचा फोन आला. फरहाने उचलला. रहमतबींना ती खाला, म्हणजे मावशी, म्हणे.

"बेटा, दादा कुठी आहेत?"

"दादा टुन्न होऊन पडले, खाला."

"काय?"

"दसरूभाऊ मोहफुलं घेऊन आले ना. मंग दोघंही टुन्न."

दसरूभाऊ जंगलातल्या गावचे, बशीरभाईंचे जुने दोस्त. फुलं त्यांनी भाजून खायला आणली होती. पण आपल्या भागात मोह म्हटलं की लोकांना फुलं सोडून त्यांची दारूच आठवते.

दुसऱ्या दिवशी रहमतबी सावलीत हजर! दारात चपला काढल्या, आत आल्या आणि आधी हवा हुंगली. दसरूभाऊ बसलेलेच होते.

"बशीरभाई, खरं सांगा. काल तुम्ही टुन्न होते?"

"हो मंग! रोजच असतो. जेवलो की टुन्न."

"रोज?"

"जुम्याले जरा उशीर होते. नमाज पढून येतो ना."

"तौबा!" रहमतबींनी कानांवर हात ठेवले. "आन् हे?"

"मी घरी नाई होत," दसरूभाऊ लाजून म्हणाले. "बायको कामं सांगते. इथीच येऊन होतो."

तेवढ्यात रईस चहा घेऊन आला.

"आन् तू रे?"

"मले कुठी वेळ भेटते, खाला? फक्त इतवारी."

रहमतबी उभ्याच राहिल्या. "ज्या घरात भर दुपारी सगळे टुन्न, तिथी मी पोरगी नाई देत!"

"रागावता काऊन?" बशीरभाई चकित झाले. "तुम्ही नाई होत काय कधी?"

"मी?"

आता रईसच्या डोक्यात उजेड पडला. पण तो कपबशा ठेवायला जागा शोधेपर्यंत रहमतबी दाराकडे निघाल्या.

फरहाला एवढंच कळलं, की जोयाचाची हातची चालली. ती धावली आणि उंबऱ्यावर आडवी झाली. "खाला, टुन्न म्हणजे हे!" म्हणाली, डोळे मिटले आणि घोरायला लागली.

रहमतबींचा पाय अधांतरीच राहिला.

"म्हणजे... झोपता?"

"मंग दुपारी दुसरं काय करतात?" बशीरभाई म्हणाले.

रहमतबी दाराची चौकट धरून हसत सुटल्या. हसता हसता खालीच बसल्या. "या अल्लाह! बसमध्ये तुम्हाले किती बोल लावत आली मी!"

रईसने धीर केला. "मंग खाला, होकार समजू?"

"चहा तर पिऊ दे. मंग पाहू."

फरहाने एक डोळा उघडला. मोठ्यांचं ‘मंग पाहू’ तिला चांगलं ठाऊक होतं. तिने हात लांबवला, रहमतबींच्या दोन्ही चपला ओढून उशाशी घेतल्या आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने घोरू लागली.