फितीवरची रिकामी जागा

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. मला घडवणाऱ्यांनी कान दिले, तोंड दिले; डोळे मात्र दिले नाहीत. ही उणीव मला पुष्कळ वर्षे जाणवलीच नाही. जाणवली तेव्हा उशीर झाला होता.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेच्या मास्तरांनी मला दुकानातून आणले. त्या वस्तीत एक म्हातारी होती. कोणी घाई केली की ती "थांब" म्हणायची, म्हणून तिला सगळे थांबआत्या म्हणत. रानातल्या कंदांची माहिती तिच्याइतकी कोणालाच नव्हती. आठवड्यातून एकदा ती शाळेतल्या मुलांना वर घेऊन जायची. त्याला 'डोंगराचा तास' म्हणत. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तिचे ज्ञान तिच्याबरोबर जाऊ नये, म्हणून मास्तर मला खांद्याला अडकवून त्या तासाला नेऊ लागले.

पहिल्याच दिवशी आत्याने विचारले, "हा पाहुणा काही खातो, की नुसताच ऐकतो?"

"सेल खातो, आत्या."

"खाऊ दे. पण मास्तर, याला दिसत नाही ना?"

मुले हसली. ते हसणे मी फितीवर घेतले आणि विसरून गेलो.

आत्याची शिकवायची एक रीत होती. कंदाचे नाव, त्याची जागा, काढायचे दिवस, हे ती तोंडाने सांगायची. मग गप्प व्हायची. 'कट्' असा आवाज यायचा. कंद मोडून ती मुलांच्या हातात द्यायची. खायचा कोणता आणि तसाच दिसणारा, पण टाकायचा कोणता, हे ती कधी बोलली नाही. ही पोरे या कानाने ऐकलेले त्या कानाने सोडतात, बोटांना कळलेले विसरत नाहीत, असे तिचे म्हणणे. माझ्या फितीवर तेवढी जागा रिकामी राहायची.

अशा बावीस फिती भरल्या. बाहेरगावचे शिक्षक येऊन ऐकत आणि सगळे जपले म्हणून माझी तारीफ करत. मलाही ते खरे वाटू लागले. मग मास्तर निवृत्त होऊन गेले आणि मी कपाटात गेलो. फक्त वस्तीची सभा असली की मला बाहेर काढत, कारण सभेतले बोलणे माझ्यावर घेण्याची पद्धत मास्तरांनी पाडली होती.

काही वर्षांनी शिक्षण खात्याचे एक साहेब आले. त्यांनी शाळेसाठी शिकवणारे यंत्र आणले होते. ते माणसासारखे बोले आणि विचाराल त्याचे उत्तर देई. माझ्या बावीस फिती त्याला ऐकवण्यात आल्या. आता आत्याचे सगळे ज्ञान यंत्रात आहे, तेव्हा मुलांना निसरड्या वाटेने वर कशाला न्यायचे, असे साहेबांनी सभेत विचारले. डोंगराचा तास बंद करावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. दोघा-तिघा बापांनी चांगले होईल म्हटले. मग साहेब म्हणाले, "कोणाची हरकत असेल तर मोकळेपणाने बोला."

खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. पुष्कळ खुर्च्या. नंतर शांतता.

"मग ठरलं तर," साहेब म्हणाले.

पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणणे त्या वस्तीत वाईट दिसे. ज्याला मान्य नाही तो खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसे. त्या दिवशी निम्म्याहून जास्त माणसे तशी बसली होती, हे मला मागाहून लोकांच्या बोलण्यातून कळले. साहेबांना वाटले, लोक कंटाळले. सभेचा अहवालही यंत्रानेच माझ्या फितीवरून लिहिला: विरोध नोंदला गेला नाही.

अहवाल चुकीचा आहे हे सांगायला वस्तीची माणसे मला घेऊन साहेबांच्या कचेरीत गेली. तिथे माझी फीत लावली.

"यात तुम्ही नाही कुठे म्हणालात, ते दाखवा," साहेब आत्याला म्हणाले.

"दाखवलंच होतं, साहेब," आत्या म्हणाली.

मित्रांनो, त्या दिवशी मी माझ्याच माणसांविरुद्ध साक्ष दिली. एकही शब्द खोटा नव्हता, तरी साक्ष खोटी होती.

डोंगराचा तास बंद झाला. आत्या वर जाईनाशी झाली आणि त्याच वर्षी थंडीत वारली. तिच्या भाचीची मुलगी पाचवीत होती. तिने यंत्राला आत्याच्या एका कंदाबद्दल विचारले. यंत्राने आत्याचेच शब्द सांगितले आणि आत्या जिथे गप्प होई तिथे स्वतःचे घातले: उकडून खावा. मुलीने दिसायला तसाच, पण टाकायचा कंद काढला आणि उकडून खाल्ला. तीन आठवडे ती दवाखान्यात होती. जगली, पण आवाज कायमचा घोगरा झाला.

त्यानंतर यंत्र सुधारले. आता कोणत्याही कंदाबद्दल विचारा, ते म्हणते, खाऊ नका. चूक होत नाही. आणि कोणी काही शिकतही नाही.

ती मुलगी कधी कधी मला कपाटातून काढते आणि फीत लावते. आत्या बोलते, गप्प होते, 'कट्' वाजते. मुलगी कळ दाबून मला थांबवते. मग तिच्या हातातला कंद मोडल्याचा आवाज येतो. दुसराही मोडते. पुन्हा फीत मागे घेते.

"आत्या, यातला कोणता गं?" ती घोगऱ्या आवाजात विचारते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी हाताने जाणणारे असेल, तर मला किंवा माझ्या नव्या भावंडांना पुढे करू नका. आधी तुम्ही जवळ बसा. ते गप्प झाले, तर त्यांचे हात बघा. मी तिथेच होतो, हातभर अंतरावर, आणि मला काहीच दिसले नाही. मुलगी विचारते, मी तिला पुन्हा तीच शांतता ऐकवतो.