आनंदीबाई जागी होती

मेंदूचा आलेख काढणारी मशीन आहे मी. माणसाच्या डोक्यावर छोट्या वाट्या लावल्या, की माझ्या आठ लेखण्या सरकत्या कागदावर आतल्या विजेच्या लाटा काढायच्या. १९८४ साली मी बोईसरच्या एका छोट्या दवाखान्यात आले. फिट येणारे कारखान्यातले कामगार हेच माझे नेहमीचे पेशंट.

मनावर ओझं आहे ते मात्र आनंदीबाईचं.

ती मुरबे गावची मासेवाली. सून नलू तिला घेऊन आली. मागून मुलगा नामदेव, कपाळाला आठ्या घालून.

"खारवलेल्या माशांना परत मीठ लावतात ह्या," नलू म्हणाली. "वर माज्यावरच वरडतात."

"ढोंग हाय सगला," नामदेव म्हणाला. "सुनेला राबवायचा, दुसरा काय?"

कागद सांगेल ते खरं, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

डॉक्टरकडे जायचं म्हणून आनंदीबाई डोकं तेलाने चोपडून, अबोलीची वेणी माळून आली होती.

"आजी, डोक्यावर बोंबील तळायचेत काय?" मला चालवणारा दिनानाथ वैतागला.

"तल ना. पीठ तू आन."

तेलावर वाट्या टिकेनात. अशा वेळी डोकं धुऊन पुन्हा यायला सांगायचं असतं. दिनानाथने स्पिरिटने पुसून काम रेटलं. नलू-नामदेवला बाहेर बसवलं. "डोळे मिटा. झोपू नका हं."

"उगडू का रे डोले?"

"नाही."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो खेकसलाच.

जागं माणूस डोळे मिटून पडलं, की सेकंदाला नऊ-दहा लाटा उमटतात. तिच्या सहाच उमटत होत्या.

"लाटा संथ दिसतात," डॉक्टर म्हणाले. "झोपली होती का?"

जागी होती म्हटलं तर आलेख पुन्हा काढावा लागेल, तेलावरून बोलणी खावी लागतील, म्हणून दिनानाथ म्हणाला, "हो साहेब, डुलकी लागली होती."

डॉक्टरांनी लिहिलं, विशेष दोष नाही. डुलकी आणि आजार मी जवळपास सारख्याच वळणाने काढते. माझ्या कागदावरून फरक कसा कळावा?

पुढे वर्षभर आई काही विसरली, की नामदेव तो रिपोर्ट तिच्यापुढे नाचवायचा. मग एके दिवशी ती चिंचणीला मासे विकायला गेली, ती तिसऱ्या दिवशी भलत्याच गावात, सरावलीत सापडली. टोपली नाही, पायात चप्पल नाही.

पुन्हा आलेख काढला. या वेळी डॉक्टर स्वतः समोर उभे होते; ती जागी होती, तरी लाटा सहाच. डॉक्टरांनी जुना कागद शेजारी ठेवला. "हे तेव्हाही होतं. आजार बरा झाला नसता, पण तुम्ही तिला सांभाळून घेतलं असतं."

दिनानाथ खाली मान घालून वाट्या पुसत राहिला.

नामदेवने आईचे पाय धरले. "आये, मी तुला ढोंगी बोललो गो."

तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "रडू नको रं. कुनाचा तू?"

आता कॉम्प्युटरवाली मशीन आली आहे. माझ्या लेखण्यांतली शाई वाळली. उद्या मी भंगारात जाईन. माझी तक्रार नाही. नव्या मशीनवर जो बसेल, त्याने एवढंच करावं. समोरचं माणूस जागं होतं की झोपलं होतं, ते तिथल्या तिथे कागदावर लिहावं. माझ्या कागदावर ती एक ओळ राहून गेली.